दारात पसरलेली पऱ्हाटी

"आंधळा मागतो एक डोळा," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. पुढचं त्यांनी म्हटलं नाही. देव दोन डोळे देतो, हे माझ्या बाबतीत त्यांना मंजूर नसावं.

मी डोळा मागायला गेलेच नव्हते. मी खुर्ची मागायला गेले होते. त्यांच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची जागा होती, ती अंध माणसासाठी राखीव होती आणि त्या खुर्चीवर साहेबांच्या मेव्हण्याचा मुलगा बसत होता. त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते. तो म्हणे तात्पुरता बसला होता. सरकारी कचेरीत तात्पुरता बसलेला माणूस आणि भिंतीच्या फटीतून उगवलेलं पिंपळाचं रोप, दोन्ही आपण होऊन निघत नाहीत.

"बाई, जिल्ह्याची परिस्थिती पाहताय ना?" साहेबांनी आवाज गंभीर केला. "इथं कापसापायी शेतकरी मरताहेत, आणि तुम्हाला फोनचं पडलंय."

कापसाच्या त्या वर्षांत आमच्याकडे कुठलंही काम टाळायचं असलं की एवढं म्हटलं की भागायचं. रस्ता का नाही? कापूस. दवाखान्यात डॉक्टर का नाही? कापूस. जणू साहेब स्वतः रात्रंदिवस वावरात उभे राहून बोंडअळ्या वेचत होते. आमच्या घरी काय ऊस होता? आमचाही कापूसच होता, आणि अळीनं काही आंधळीच्या बापाचं शेत म्हणून आमचं वावर सोडलं नव्हतं. मी तसं म्हटलंही. साहेबांनी घंटी वाजवली आणि शिपायाला सांगितलं, "यांना बाहेर सोड." सोड म्हणजे काय, त्यानं माझा दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा मुकुटबनच्या पुढे, झरीच्या जंगलाकडे जाताना लागतो. गोवरात माझे डोळे गेले तेव्हा मी इतकी लहान होते की पाहिलेलं काहीच आठवत नाही. याडी, म्हणजे माझी आई, कापूस वेचायला जायची तेव्हा मला घरात एकटीला ठेवून जावं लागायचं. जाताना ती उंबऱ्यापासून अंगणाच्या टोकापर्यंत वाळकी पऱ्हाटी पसरून ठेवायची. कापूस संपल्यावर उपटून चुलीसाठी रचून ठेवतात ना, तीच काटक्यांसारखी झाडं. कुणीही आलं की आधी पऱ्हाटी वाजायची. शेरडू असलं तर बारीक वाजायचं, बाईमाणूस असलं तर वेगळं, आणि दारू प्यालेला माणूस असला तर इतकं वाजायचं की मी आतून कडी लावून घ्यायची. कुत्र्याऐवजी आमच्या दारात पऱ्हाटी राखण करायची.

पुढे दूरच्या शहरातल्या अंधशाळेत शिकले, तिथंच टेलिफोनचा बोर्ड चालवायचा कोर्स केला, चांगल्या मार्कांनी पास झाले. गावी परत आले तर तालुक्याच्या गावातल्या भल्या लोकांनी माझा सत्कार ठेवला. काळा चष्मा दिला, घोंगडी दिली, पांढरी काठी दिली आणि माईक हातात देऊन म्हणाले, आता एक भजन होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, मला गाता येत नाही. त्यांना खरंच वाटलं नाही. आंधळं माणूस आणि गाता येत नाही? मग हे कसलं आंधळं! ती काठीसुद्धा इतकी आखूड होती की ती टेकत चालायचं तर मला कंबरेत वाकावं लागलं असतं. मला वाटतं, त्यांच्या डोक्यात आंधळं माणूस वाकलेलंच असावं. आजही सत्काराचा हार गळ्यात पडला की माझ्या अंगावर काटा येतो.

असा राग घेऊन मी एकटी काय करणार होते? पण मला दोघं भेटले. एक राजूरचे काका. कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला तेव्हा त्यांचे डोळे गेले होते. त्यांना बसस्टँडजवळ पानठेल्यासाठी जागा हवी होती. अपंगांसाठी जागा राखीव होत्या, आणि त्या वाटायचं काम याच कचेरीचं. दुसरे बडे बाबू. तालुक्याच्या गावातलं घराणं, आजोबा कारकून, वडील कारकून, हे स्वतः याच कचेरीत हेडक्लार्क होऊन रिटायर झालेले. काचबिंदूनं नजर गेली आणि ज्या माणसांना त्यांनी बोट धरून काम शिकवलं होतं ती माणसं त्यांना आपला आवाज ओळखू येऊ नये म्हणून बोलेनाशी झाली. बडे बाबूंना काही नको होतं. त्यांना फक्त भांडायचं होतं, आणि तेही नियमाप्रमाणे.

"प्रथम अर्ज, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र," ते म्हणायचे.

"बडे बाबू," काका म्हणायचे, "तुमच्या स्मरणपत्रानं म्या मरून जाईन नं. दारात बसा लागते."

आम्ही अर्ज दिले, स्मरणपत्रं दिली. उत्तर एकच: विचाराधीन. शेवटी ठरलं, आधी माझ्या खुर्चीसाठी बसायचं, मग काकांच्या ठेल्यासाठी.

कचेरीला येण्याजाण्याचं एकच दार होतं. मागचं दार होतं, पण मोडक्या खुर्च्या आणि जुनी कपाटं लावून ते बुजवून टाकलं होतं, हे बडे बाबूंनी शपथेवर सांगितलं, कारण ती कपाटं त्यांनीच लावून घेतली होती. म्हणजे साहेबांना समोरूनच जावं लागणार. आणि साहेबांचे बूट सगळ्या गावाला ठाऊक होते. टाचेला लोखंडी नाल मारलेले, कॉरिडॉरमधून चालले की घोडा यावा तसे. ते बूट वाजले की उठायचं, साहेबांना वाटेत गाठायचं आणि चारचौघांत उत्तर मागायचं, एवढीच आमची योजना.

सकाळी साहेब आत गेले, टाप टाप टाप. आम्ही दाराच्या दोन्ही बाजूंना सतरंजी टाकून बसलो आणि घोषणा सुरू केल्या. पलीकडे कापसाच्या भावासाठी एका पक्षाचा मांडव पडला होता. त्यांच्यासाठी दुपारी टीव्हीची गाडी आली. त्यातला एक मुलगा चुकून आमच्याकडे आला आणि माझ्या तोंडापुढे माईक धरून म्हणाला, "तुमच्या घरात कुणी आत्महत्या केली का?" मी नाही म्हटलं. "मग तुम्ही इथं कशाला?" मी सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्यात मला कळलं की माईक गेलाय. माझा बाप जिवंत होता हा माझाच गुन्हा झाला. मेल्यावरच ज्यांना माणूस दिसतो, त्यांना मी काय आंधळं म्हणू?

आम्ही आणखी जोरात ओरडलो. काकांचा आवाज खाणीत कमावलेला, बडे बाबूंचा थरथरता, माझा किरटा. "आमची जागा आम्हाला द्या!" दिवसभर. घसे बसले. मधूनच आसपास एकदम सामसूम व्हायची, माणसं थांबल्यासारखी वाटायची, आणि आम्हाला वाटायचं, चला, लोक ऐकताहेत. माझ्या अंगात बळ यायचं. खोटं कशाला सांगू, त्या शांततेचा मला अभिमान वाटला होता.

दिवस कलला, खोल्यांना कुलपं लागल्याचे आवाज आले. बूट काही वाजले नाहीत. काका म्हणाले, "मांडी ठोकून बसला वाटते अंदर." मग चहाच्या टपरीवाला कपबशा गोळा करायला आला.

"बाई, कायची वाट पाहून राह्यल्या?" तो म्हणाला. "साहेब तं कवाचेच गेले."

"कुठून गेले?"

"तुमच्या पुढूनच तं गेले नं. बूट हाती धरून. तुमचे नारे जोरात चालू होते तवा. जेवाले गेले, वापस आले, आन मंग घरी गेले. समदं आफिस पोट धरून हासून राह्यलं होतं, बाई. आवाज नाई येऊ दिला कोणं."

म्हणजे ती सामसूम. मी ज्या शांततेनं फुगले होते, ती पदरानं आणि रुमालानं तोंडं दाबून धरलेल्यांची होती. एक पन्नाशीचा अधिकारी मोजे घालून आमच्या पायांशी बोटांवर चालत होता आणि सगळी कचेरी, सगळा मांडव, हा टपरीवालासुद्धा, श्वास रोखून मजा पाहत होता. एकालाही वाटलं नाही की सांगावं. मी त्या माणसांना माफ केलेलं नाही. बरीच मेली आहेत, तरीही नाही.

बडे बाबूंनी सतरंजीची घडी घातली. मग म्हणाले, "चूक आपली आहे. डोळसांनी आंदोलन करताना ओरडायचं असतं. त्यांचं लक्ष डोळ्यांनी राहतं. आपण ओरडलो म्हणजे आपलेच कान झाकून घेतले."

खरं होतं. आम्ही मोर्चे ऐकले होते, म्हणून मोर्च्यासारखे ओरडलो. पहाऱ्याला बसलेल्यानं स्वतःच ढोल वाजवावा, तसं आमचं झालं होतं.

घरी गेल्यावर मी याडीला सगळं सांगितलं. तोवर ती माझ्या बाजूची नव्हती. तिचं म्हणणं, तांड्याच्या माणसानं कचेरीशी वाकडं घेऊ नये. आमच्या गोर बोलीत ती रोज तेच सांगायची: मोठ्या लोकांच्या दारात उभं राहायचं, बसायचं नाही. त्या दिवशी तिनं फक्त विचारलं, "हसले?" मी हो म्हटलं. "बायासुद्धा?" हो. ती उठून अंगणात गेली. मला पऱ्हाटी ओढल्याचा आवाज आला, मग दोर आवळल्याचा.

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळीच्या टपावर आमची मोळी चढली. जीपवाला कुरकुरला तर याडीनं त्याला असं काही सुनावलं की तो मुकुटबन मागे पडेपर्यंत गप्प होता. कचेरी उघडली, साहेबांचे बूट टाप टाप आत गेले, आणि ते गेल्याबरोबर याडीनं दारापासून पायऱ्यांपर्यंत पऱ्हाटी पसरली, मी लहान असताना पसरायची तशी. मग आम्ही तिघं बसलो. एकही घोषणा द्यायची नाही असं ठरलं होतं.

शिपाई धावत आला. "हा कायचा कचरा करून ठेवला? उचला!"

याडी पऱ्हाटीवरच मांडी घालून बसली. तिला मराठी तोडकंमोडकंच यायचं. "मले उचल आंधी," ती म्हणाली. शिपायाचा हात तिच्या दंडाला लागला नाही. तांड्याची बाई चारचौघांत ओरडली तर काय होतं, ते त्याला माहीत असावं.

मग दिवसभर तो आवाज. जो येईल तो कुडकुड वाजत यायचा. प्रत्येकाला काका हात जोडून म्हणायचे, "नमस्कार, साहेब काय?" कारकून झाला, पोस्टमन झाला, एकदा गाय आली, तिलाही नमस्कार झाला. आदल्या दिवशी हसणारे आता कपाळाला आठ्या घालून चालत असणार, कारण कुणी चालता चालता बोलत नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. सूड म्हणा हवं तर.

दुपारच्या जेवणाची वेळ झाली. एक काटकी मोडली. कट्. आणि पुढे काहीच नाही.

ज्याला सरळ जायचं असतं तो वाजतच जातो. एकदा वाजून थांबतो तो लपणारा. हे मला तेव्हा शिकावं लागलं नाही, सहा वर्षांची असतानाच कळलं होतं. मी त्या दिशेला तोंड वळवलं. माझ्याबरोबर काकांचं आणि बडे बाबूंचंही वळलं असणार, कारण तिघांच्या सतरंज्या एकदमच सरकल्या.

"साहेब," मी म्हटलं, "नमस्कार."

माणूस इतक्या जवळ उभा होता की श्वास ऐकू येत होता. मग याडी बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी: "बूट हातात हाये याच्या! मोज्यात काडी घुसली!"

आधी टपरीवाला हसला. मग मांडवातले हसले, मग खिडक्यांमधले, त्यांचेच कारकून. आदल्या दिवशी दाबून ठेवलेलं सगळं हसू त्या माणसाच्या अंगावर पडलं, या खेपेला मोठ्यानं. मी हसले नाही. मी अर्ज पुढे धरला आणि म्हटलं, "उत्तर द्या, मग जेवायला जा."

त्यांनी उत्तर दिलं. पायांत काटक्या आणि समोर गाव असताना दिलेलं उत्तर, त्यामुळे ते अर्धंच होतं. कायम जागा नाही, रोजंदारी. ऑर्डर विचाराधीन. मनात आलं त्या दिवशी काढून टाकता येईल अशी नेमणूक. बडे बाबू म्हणाले, "घे बेटा. खुर्चीवर बसलेल्याला उठवणं अवघड असतं." मेव्हण्याचा मुलगा आवक-जावकच्या टेबलावर गेला आणि मी बोर्डावर बसले.

काम मला यायचं. पहिल्या आठवड्यातच मी गावातले आवाज ओळखायला लागले. बाकीची कचेरी मात्र माझी परीक्षा घेत होती. कुणी माझी खुर्ची सरकवून ठेवायचं, कुणी वाटेत बादली. पडले की "अरेरे" म्हणायला तीच माणसं पुढे. मी एकदा ती बादली उचलून जिकडून "अरेरे" आलं तिकडे रिकामी केली. त्यानंतर बादली आली नाही.

आमच्या आंदोलनाचं एक काम मात्र सरकारनं तातडीनं केलं. मागच्या दारासमोरची कपाटं हलवली, मोडक्या खुर्च्या भंगारात दिल्या आणि दार मोकळं केलं. जिल्ह्याची परिस्थिती त्या कामाच्या आड आली नाही.

पुढच्या हंगामात काका आपल्या ठेल्यासाठी बसले. मी आत नोकरीत, म्हणून बाहेर काका, बडे बाबू, आणि पऱ्हाटी घेऊन आलेली माझी याडी. त्यांना मागच्या दाराचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं होतं, एवढ्या थराला साहेब पुन्हा जाणार नाहीत. दुपारी बोर्डावर त्यांचा बझर वाजला.

"ड्रायव्हरला जोड. गाडी मागच्या दाराला लावायला सांग. आणि बाहेर कळता कामा नये. कळलं तर उद्यापासून येऊ नको."

इतकं स्पष्ट ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले असतील. मी ड्रायव्हरला निरोप दिला. मग कानावरचा हेडफोन काढून बोर्डावर ठेवला. ती खुर्ची मला किती हवी होती, ते कुणाला सांगून कळणार नाही. तांड्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी नोकरीवाली म्हणायला लागलं होतं, बाप माझ्यासाठी सकाळी पाणी तापवून ठेवायला लागला होता. भिंतीला हात लावत मी कॉरिडॉर ओलांडला आणि दारात जाऊन ओरडले, "काका! मागच्या दारानं चाललेत!"

पऱ्हाटी एकदम कुडकुडली. काका उठले होते. याडीनं त्यांचा हात धरला आणि दोघं इमारतीला वळसा घालून धावले. तिनं नंतर सांगितलं, साहेबांचा एक पाय जीपमध्ये होता आणि काकांनी दुसरा धरला. धरूनच ठेवला. बाजाराचा दिवस होता, माणसं जमली. ठेल्याच्या जागेचा कागद तिथंच जीपच्या बॉनेटवर सही झाला.

संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. बूट वाजवत आले. "काय सांगितलं होतं?" बडे बाबू दारातच उभे होते, ते म्हणाले, "ऑपरेटरचं काम निरोप पोचवायचं. तिनं ड्रायव्हरला पोचवला आणि इकडेही पोचवला. यात नियमाबाहेर काय आहे?" साहेब त्यांना म्हणाले, "तुम्ही रिटायर झालात." आणि बूट वाजवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले आणि सवयीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. हाताला शर्ट लागला. मेव्हण्याचा मुलगा होता. तो श्वास रोखून बसला होता, मला कळू नये म्हणून.

"बस तू," मी त्याला म्हटलं, "मी बाहेर बसते."

काकांचा ठेला बसस्टँडजवळ लागला. सकाळी दुकान उघडायच्या आधी ते रोज माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसायचे. बडे बाबूंनी नवा अर्ज लिहवून घ्यायला घेतला. या खेपेला याडीनं दोन मोळ्या आणल्या होत्या, एक पुढच्या दाराला आणि एक मागच्या.